वायर एक, वाटा अनेक: लाइव्ह साउंडसाठी डिजिटल ऑडिओ नेटवर्क उभं करताना

माइक लागत नाही म्हटलं की अ‍ॅनालॉग सेटअपमध्ये एकच उपाय असतो. वायर हातात धरायची आणि तिच्या मागोमाग चालत सुटायचं. माइकपासून स्टेजबॉक्स (माइकच्या पिना लावायचा स्टेजवरचा डबा), तिथून मल्टिकोर (अनेक तारांची एक जाड केबल), मल्टिकोरच्या शेपटीला टेपवर लिहिलेला १७ नंबर आणि ती पिन मिक्सरच्या सतराव्या चॅनेलला. मध्ये कुठे तरी ढिली पिन, सुटलेला टाका नाही तर चुकलेला नंबर सापडतोच. वायर जाते तिथेच आवाज जातो, त्यामुळे डोळ्यांवर विश्वास ठेवता येतो.

नेटवर्कमध्ये ही सोय संपते. पेन्सिलीएवढ्या जाड एका केबलमधून चाळीस माइक मिक्सरकडे येतात, त्याच केबलमधून मॉनिटरचे, म्हणजे कलाकारांना स्वतःला ऐकायचे, मिक्स स्टेजवर परत जातात आणि तेच माइक त्याच वेळी रेकॉर्डिंगच्या लॅपटॉपवरही पोचलेले असतात. केबल नीट बसली आहे, स्विचचे (नेटवर्कच्या केबल एकमेकींना जोडणाऱ्या डब्याचे) दिवे लुकलुकतायत, आणि तरी १७ नंबर गप्प. आता हात कुठे लावायचा? इथे वायर आणि वाट वेगळ्या झालेल्या असतात. वायर नुसता रस्ता देते. त्या रस्त्यावरून कोणी कुठे जायचं, कोणत्या ठोक्यावर निघायचं आणि गर्दी झाली तर आधी कोणाला सोडायचं, हे सगळं कुठे तरी ठरवून, लिहून ठेवावं लागतं. नेटवर्क उभं करणं म्हणजे मुख्यतः हे ठरवणं. केबल ओढणं हे त्यातलं सगळ्यात सोपं काम.

चाळीस माइक एका केबलमध्ये मावतात कसे, हा पहिला प्रश्न. हिशेब लहान आहे. स्टेजबॉक्स प्रत्येक माइकच्या आवाजाची सेकंदाला ४८,००० मापं घेतो आणि प्रत्येक माप २४ बिटांत लिहितो. म्हणजे एका चॅनेलचे सेकंदाला ११ लाख ५२ हजार बिट, साधारण सव्वा मेगाबिट धरा. ही मापं मूठमूठभर एकत्र करून पाकिटात घालतात, पाकिटावर पत्ता लिहितात आणि पाकीट नेटवर्कवर सोडून देतात. पाकिटाचं आणि पत्त्याचं वजन धरून चार चॅनेलना साधारण सहा मेगाबिट लागतात. ३२ माइकना ४८ मेगाबिट. तेच माइक मुख्य मिक्सर आणि मॉनिटर मिक्सर अशा दोघांना वेगवेगळे पाठवले तर ९६. गिगाबिट केबलची क्षमता हजार मेगाबिटची, म्हणजे दहावा हिस्साही भरला नाही. पण मध्येच कुणी शंभर मेगाबिटचा जुना स्विच आणून ठेवला, तर तो काठोकाठ भरतो आणि आवाज तुटायला लागतो. म्हणून शो छोटा असो की मोठा, स्विच गिगाबिटचाच घ्यायचा.

सारखी दिसणारी पिन, वेगळी भाषा

या क्षेत्रात नावांचा गोंधळ भरपूर आहे. आधी तो मिटवू.

इथरनेटच्या केबलवरून लाइव्ह आवाज पाठवण्याचा प्रकार नवा नाही. कोब्रानेट १९९६ मध्येच आलं होतं. आज लाइव्ह साउंडमध्ये सगळ्यात जास्त दिसतं ते डांटे. ऑडिनेट या ऑस्ट्रेलियन कंपनीचं हे तंत्रज्ञान शेकडो कंपन्या आपापल्या मिक्सरमध्ये आणि स्टेजबॉक्समध्ये बसवतात. याची सोय अशी की दुकानात मिळणाऱ्या सर्वसाधारण गिगाबिट स्विचवर ते चालतं. दुसरं घराणं एव्हीबीचं आणि त्यावर बेतलेल्या मिलानचं. त्यात स्विच स्वतःच आवाजासाठी जागा राखून ठेवतो, त्यामुळे हाताने करायच्या सेटिंग कमी. मात्र स्विच त्याच जातीचा लागतो, कुठलाही चालत नाही. आणि २०१३ मध्ये आलेलं एईएस६७ हे वेगवेगळ्या घराण्यांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून केलेलं प्रमाण आहे, दुभाष्यासारखं. दुभाषा असला की गप्पा होतात, पण घरच्यासारख्या नाही. जमेल तेवढं एकाच घराण्यात राहावं, असं माझं स्पष्ट मत आहे. पुढची उदाहरणं डांटेची घेतो. तत्त्वं सगळीकडे तीच.

खरा सापळा यापेक्षा साधा आहे. बऱ्याच डिजिटल मिक्सरच्या पाठीमागे संगणकाच्या नेटवर्कसारखी दिसणारी भोकं असतात, आणि त्यांतली सगळी नेटवर्कची नसतात. एईएस५० नावाची जोडणी तिथेच असते. पिन तीच, केबल तीच, एका केबलमधून दोन्ही दिशांना ४८-४८ चॅनेल जातात, पण ही थेट दोन उपकरणांमधली वायर आहे. मध्ये स्विच घातला की सगळं गप्प होतं. शिवाय याला शिल्ड (तारांभोवतीचं धातूचं आवरण) असलेलीच केबल लागते आणि ते शिल्ड दोन्ही टोकांच्या धातूच्या पिनला जोडलेलं असावं लागतं. साध्या प्लॅस्टिकच्या पिनची केबल लावली तर रिहर्सलला चालते आणि कुणी सिंथेटिक गालिच्यावरून चालत येऊन स्टेजबॉक्सला हात लावला की स्थिर विजेच्या एका ठिणगीने क्षणभर आवाज जातो. त्याच मिक्सरवर तिसरं भोक असतं ते टॅबलेटवरून मिक्सर चालवायच्या राउटरसाठी. त्यातून आवाज जातच नाही. म्हणून नवा मिक्सर हातात आला की पहिलं काम, प्रत्येक भोकाशेजारी मोठ्या अक्षरात टेप लावायची. छापलेली बारीक अक्षरं अंधारात कोण वाचणार?

सगळ्यांचं घड्याळ एक

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. नेटवर्कमधल्या निम्म्या तक्रारींचं मूळ इथे असतं आणि बहुतेक जण इथेच घाईत पुढे जातात.

स्टेजबॉक्स सेकंदाला ४८,००० मापं पाठवतो आणि मिक्सर सेकंदाला ४८,००० मापं वाचतो. पण सेकंद कोणाचा? स्टेजबॉक्समध्ये एक स्फटिक कंप पावतो, मिक्सरमध्ये दुसरा. दोन मनगटी घड्याळं जशी महिन्याभरात थोडी मागेपुढे होतात, तसे हेही होतात. समजा दोघांत दहा लाखांत दहा एवढाच फरक आहे. ऐकायला काहीच नाही. पण ४८,००० ला तो लावून बघा, दर सेकंदाला अर्ध्या मापाच्या आसपास फरक पडतो. म्हणजे दर दोन सेकंदांनी स्टेजबॉक्सकडून एक माप जास्त येतं किंवा एक कमी पडतं. जास्त आलेलं माप टाकून द्यावं लागतं, कमी पडलेल्या जागी भगदाड राहतं. स्पीकरमधून ऐकू येतं ते ‘टिक’. दोन सेकंदांनी पुन्हा ‘टिक’. ड्रम वाजत असताना कोणाच्या लक्षात येत नाही. गायकाने एकट्याने आलाप सुरू केला की पहिल्या रांगेतला माणूसही मान वळवतो.

म्हणून सगळ्या नेटवर्कमध्ये एकच घड्याळ मुख्य असतं आणि बाकीचे त्याच्याशी आपला ठोका जुळवत राहतात. यासाठी पीटीपी नावाची पद्धत आहे. मुख्य उपकरण ठरावीक अंतराने ‘आता इतके वाजले’ असा निरोप पाठवतं. पण निरोप पोचेपर्यंत वेळ जातो, तो धरायचा कसा? ऐकणारा उलटा निरोप पाठवतो, मुख्य उपकरण तो कधी पोचला ते कळवतं, आणि जाण्यायेण्याला मिळून लागलेल्या वेळाचा निम्मा करून ऐकणारा आपलं घड्याळ सुधारतो. हे सतत चालू असतं आणि नीट चाललं तर सगळ्यांची घड्याळं एकमेकांपासून एका मायक्रोसेकंदाच्या आत राहतात.

या निम्म्याच्या हिशेबात एक गृहीत दडलंय: जायला जेवढा वेळ लागला, तेवढाच यायला लागला. हे गृहीत मोडलं की घड्याळ डळमळतं. स्विचच्या सेटिंगमधल्या ज्या गोष्टींवर अनुभवी माणसं हट्ट धरतात, त्यांतल्या बऱ्याचशा या एका वाक्यातून निघतात.

वीज वाचवण्याची सोय घ्या. स्विचवर तिचं नाव एनर्जी एफिशियंट इथरनेट किंवा ग्रीन इथरनेट असतं. पोर्टवर, म्हणजे स्विचच्या भोकावर, काम नसलं की पोर्ट डुलकी घेतो आणि पाकीट आलं की जागा होतो. जागं व्हायला काही मायक्रोसेकंद जातात. ऑफिसातल्या फायलींना फरक पडत नाही. घड्याळाच्या निरोपाला पडतो, कारण एकदा तो जाग्या पोर्टवर येतो आणि एकदा झोपलेल्या. ही सोय बंद करायची. काही स्वस्त, विनासेटिंगच्या स्विचवर ती बंद करताच येत नाही, आणि असा स्विच ऑडिओसाठी घेऊ नये. पैसे वाचतात तेवढीच डोकेदुखी विकत येते.

दुसरी गोष्ट अग्रक्रमाची. स्विच म्हणजे चौक. एकाच दिशेला जाणारी पाकिटं जमली की रांग लागते. घड्याळाचा निरोप रांगेत अडकला तर त्याला उशीर होणार आणि निम्म्याचा हिशेब चुकणार. म्हणून पाकिटांवर शिक्का असतो. डांटे घड्याळाच्या पाकिटांवर ५६ हा आकडा मारतं, आवाजाच्या पाकिटांवर ४६, आणि बाकी साध्या कामाला ०. स्विचमध्ये सांगायचं की ५६ वाला आला की सगळ्यात आधी, मग ४६, मग उरलेले, आणि यात तडजोड नाही. रुग्णवाहिका, मग बस, मग बाकीची वाहनं. नेटवर्क फक्त ऑडिओचं आणि गिगाबिटचं असेल तर हे न करताही बरेचदा निभतं. पण त्याच स्विचवरून कुणी व्हिडिओ किंवा लाइट्सचा डेटा पाठवू लागला की मग हे हवंच.

मुख्य घड्याळ कोण होणार हे उपकरणं आपापसात निवडणूक घेऊन ठरवतात. ही निवडणूक त्यांच्यावर सोडू नका. जे उपकरण सगळ्यात आधी चालू होतं, शेवटपर्यंत चालू राहतं आणि कोणी मध्येच बंद करणार नाही, त्याला प्राधान्य द्यायची खूण करून ठेवायची. स्टेजबॉक्स याला चांगला उमेदवार. मिक्सरला मुख्य घड्याळ केलं आणि कार्यक्रमादरम्यान तो रीस्टार्ट करायची वेळ आली, तर घड्याळ दुसऱ्याच्या हाती जाताना बाकी नेटवर्कलाही धक्का बसू शकतो. मिक्सर आणि स्टेजबॉक्सचा सॅम्पल रेटही (सेकंदाला घ्यायच्या मापांची संख्या) एकच हवा. ४४.१ हजारांवर ठेवलेलं आणि ४८ हजारांवर ठेवलेलं उपकरण एकाच केबलवर दिसतात, पण त्यांच्यात आवाज जात नाही.

नावं नीट ठेवा, बाकी पुष्कळ काम आपोआप होतं

वाट कुठे लिहिलेली असते ते आता बघू. डांटे कंट्रोलर नावाचं मोफत सॉफ्टवेअर लॅपटॉपवर उघडलं की एक मोठा तक्ता दिसतो. वर आडव्या रांगेत पाठवणारे, डाव्या बाजूला उभे ऐकणारे. स्टेजबॉक्सचा १७ वा माइक मिक्सरच्या १७ व्या इनपुटला हवा, तर दोघांची ओळ आणि रांग जिथे भेटतात त्या चौकटीत क्लिक करायचं. क्षणभर राखाडी खूण दिसते, मग हिरवी. हिरवी आली की पॅच, म्हणजे ही जोडणी, झाला. लॅपटॉप आता काढून बॅगेत टाकला तरी चालतो, कारण वाट लॅपटॉपमध्ये लिहिलेली नसून ऐकणाऱ्या उपकरणात लिहिलेली आहे. मिक्सर उद्या चालू केला की तो स्वतःच १७ व्या माइकचा शोध घेत निघेल.

शोध तो नावाने घेतो, आणि इथे गंमत आहे. मिक्सरने लक्षात ठेवलेलं असतं ते ‘स्टेज-डावा या उपकरणाचा व्होकल या नावाचा चॅनेल’ असं काहीसं. यातलं एक अक्षर बदललं तरी ओळख पुसते. सॉफ्टवेअरमध्ये नाव अर्थात रोमन अक्षरांतच द्यावं लागतं, जास्तीत जास्त ३१ अक्षरं, अंक आणि मधली आडवी रेघ चालते, जागा सोडलेली चालत नाही. कार्यक्रमाच्या दुपारी कुणाला तरी नीटनेटकेपणाची हुक्की येते, तो उपकरणाचं नाव ‘जरा चांगलं’ करतो आणि सगळ्या हिरव्या खुणांच्या जागी पिवळे त्रिकोण येतात.

याच गोष्टीचा फायदाही होतो. स्टेजबॉक्स मेला, तर त्याच जातीचा दुसरा आणायचा, त्याला मेलेल्याचं नाव द्यायचं, सॅम्पल रेट तोच ठेवायचा आणि केबल लावायची. मिक्सरला पत्ताच लागत नाही की माणूस बदलला. चॅनेलची नावं तीच असतील तर पॅच पुन्हा करायची गरज नाही. मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा जादूच वाटली होती. म्हणून नाव कंपनीच्या मॉडेलवरून ठेवू नये, जागेवरून किंवा कामावरून ठेवावं. मॉडेल बदलतं, ‘स्टेज-डावा’ डावाच राहतो.

आयपी पत्त्यांची फार चिंता नको. एकच छोटं नेटवर्क असेल आणि पत्ते वाटणारं राउटर नसेल, तर उपकरणं स्वतःहून १६९.२५४ ने सुरू होणारे पत्ते घेतात आणि सुखाने राहतात. अडचण येते ती अर्ध्यांना हाताने पत्ते दिले आणि अर्ध्यांना आपोआप घेऊ दिले तर. मग एकाच स्विचवर असूनही दोन गट एकमेकांना ओळखत नाहीत. सगळे आपोआप किंवा सगळे ठरवून, एक काही तरी.

अजून एक शब्द कानावर येईल, मल्टिकास्ट. एरवी स्टेजबॉक्स प्रत्येक ऐकणाऱ्याला वेगळी प्रत पाठवतो. ऐकणारे दोन-तीन असतील तोवर ठीक. दहा ठिकाणी एकच मिक्स हवा असेल तर एकदाच पाठवून स्विचला वाटायला सांगणं परवडतं. पण वाटताना अकलेने वाटायला हवं, नाही तर स्विच ते सगळ्या पोर्टवर ओततो आणि शंभर मेगाबिटची छोटी उपकरणं त्यात बुडतात. त्यासाठी स्विचमध्ये आयजीएमपी स्नूपिंग चालू करतात, म्हणजे ज्याने मागितलं त्यालाच मिळतं. ‘कोणाला काय हवंय’ असं विचारत राहणारा स्विच मात्र एक ठरवून ठेवा. विचारणारा कोणीच नसेल तर थोड्या वेळाने वाटप बंद पडू शकतं. चार उपकरणांच्या शोमध्ये मल्टिकास्टच्या वाटेला न गेलेलंच बरं.

एक प्रीअ‍ॅम्प, दोन मालक

हा विषय नेटवर्कच्या पुस्तकात सापडत नाही, पण स्टेजवर भांडणं याच्यावरूनच होतात.

अ‍ॅनालॉगमध्ये माइकचा सिग्नल स्प्लिटरमधून दोन भाग होऊन जायचा. मुख्य मिक्सरचा प्रीअ‍ॅम्प (माइकचा बारीक सिग्नल मोठा करणारा भाग) वेगळा, मॉनिटरचा वेगळा. तुम्ही तुमचा गेन, म्हणजे किती मोठा करायचा ते, वाढवा, मी माझा. नेटवर्कमध्ये माइक स्टेजबॉक्समध्ये एकदाच वर उचलला जातो, एकदाच आकड्यांत बदलतो आणि तेच आकडे दोन्ही मिक्सरना जातात. प्रीअ‍ॅम्प एकच. आता मुख्य मिक्सरवाल्याला वाटलं की गायिकेचा आवाज जरा कमी येतोय आणि त्याने गेन ६ डेसिबलने वाढवला, तर तिच्या कानातल्या मॉनिटरमध्येही आवाज तेवढाच उसळतो. स्टेजवर खाली ठेवलेले मॉनिटर असतील तर शिट्टी सुरू. मॉनिटरवाला वैतागून त्याच्याकडचा गेन खाली आणतो, मग समोर आवाज पडतो. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात.

कंडेन्सर जातीच्या माइकला लागणाऱ्या ४८ व्होल्टच्या विजेचं, म्हणजे फँटमचंही, तेच. एका मिक्सरवर जुनी फाइल उघडली, तिच्यात त्या चॅनेलचं फँटम बंद होतं, की कंडेन्सर माइक दोन्हीकडे मरतो.

काही मिक्सर गेन बदलला की दुसऱ्याकडे तेवढाच उलटा बदल आपोआप करून देतात. ही सोय असेल आणि दोन्ही मिक्सर एकाच कंपनीचे असतील तर वापरा. नसेल तर ठरवून टाका की गेनचा मालक एकच. तो साउंडचेकला गेन लावणार, सर्वांत मोठ्या आवाजालाही वर १२ डेसिबलच्या आसपास जागा ठेवणार, आणि त्यानंतर त्या नॉबला कोणी हात लावायचा नाही. बाकी कमीजास्त आपापल्या मिक्सरच्या डिजिटल ट्रिमवर करायचं. २४ बिटांमुळे गेन थोडा कमी ठेवला तर काही बिघडत नाही, अ‍ॅनालॉगच्या काळातली ‘मीटर भरून वाजव’ ही सवय सोडावी लागते.

उशिराबद्दल लोक उगाच घाबरतात. नेटवर्क स्वतः साधारण एक मिलिसेकंद घेतं, आणि स्विच एक-दोनच असतील तर पाव मिलिसेकंदावरही आणता येतं. आवाज हवेतून एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे नेटवर्कचा उशीर हा गायकाने मॉनिटरपासून एक पाऊल मागे सरकण्याइतका. खरा उशीर मिक्सरमधल्या प्रक्रियांमध्ये आणि डिजिटल वायरलेस माइकमध्ये जमतो. कानात मॉनिटर घालणाऱ्या गायकाला मात्र थोडा उशीरही जाणवतो, कारण स्वतःचा आवाज हाडांतून आधीच पोचलेला असतो आणि मागून आलेला त्यात मिसळून पोकळ वाटतो. त्याच्यासाठी मिलिसेकंद मोजा. आकडा फार खाली आणला आणि पाकिटं वेळेत पोचली नाहीत तर आवाज तुटतो, म्हणून शंका असेल तिथे एक मिलिसेकंदावर राहावं.

दुसरी वाट

अ‍ॅनालॉग मल्टिकोरमधली एक तार तुटली तर एक माइक जायचा. इथे एक केबल तुटली की चाळीस जातात. त्यामुळे दुसरी वाट हवीच. चांगल्या उपकरणांना प्रायमरी आणि सेकंडरी अशी दोन भोकं असतात. प्रायमरीची सगळी भोकं एका स्विचला, सेकंडरीची दुसऱ्या स्विचला. प्रत्येक पाकिटाची प्रत दोन्हीकडून निघते, ऐकणारा आधी पोचलेली घेतो आणि दुसरी टाकून देतो. एक बाजू तुटली तरी ऐकणाऱ्याला साधं खरखरलेलंही कळत नाही. ही दोन नेटवर्क एकमेकांना कुठेही, कधीही जोडायची नाहीत. वेगळ्या रंगाच्या केबल वापरल्या तर ही चूक निम्म्याने कमी होते.

मी हे शिकलो ते असं. अशा दोन भोकांच्या उपकरणात एक सेटिंग असते, दुसरं भोक सेकंडरी म्हणून वापरायचं की पुढच्या उपकरणाला साखळी जोडायला वापरायचं. स्टेजबॉक्स साखळीच्या सेटिंगवर होता. मी बघितलं नाही. दोन केबल घेतल्या आणि, एकच स्विच हाताशी होता म्हणून, दोन्ही त्याच स्विचला लावल्या. मनात म्हटलं, दोन वायरी म्हणजे दुप्पट भरवसा. झालं असं की एक गोल रिंगण तयार झालं. सगळ्यांसाठी असलेलं पाकीट त्या रिंगणात शिरलं की बाहेर पडायला वाट नाही, ते फिरत राहतं आणि प्रत्येक फेरीत त्याच्या नव्या प्रती निघतात. काही सेकंदांत स्विचचे सगळे दिवे एकाच लयीत वेड्यासारखे चमकायला लागले, मिक्सरवरचे सगळे मीटर एकदम पडले आणि लॅपटॉपच्या तक्त्यातून उपकरणं एकेक करून नाहीशी झाली. मी वीस मिनिटं स्टेजबॉक्सला दोष देत होतो. शेवटी वैतागून एक केबल उपटली आणि सगळं जिवंत झालं. केबल कमी केल्यावर आवाज येतो, हे अ‍ॅनालॉगमध्ये वाढलेल्या डोक्याला पटायला वेळ लागला. असं रिंगण ओळखून तोडणारी सोय चांगल्या स्विचमध्ये असते, पण तिच्या भरवशावर रिंगण करू नये.

दोन वाटा म्हणजे खरोखर दोन वाटा हव्यात. प्रायमरी आणि सेकंडरी एकाच टेपने गुंडाळून एकाच दारातून नेल्या तर फ्लाइट केसचं एक चाक दोन्ही चिरडतं. दोन्ही स्विच एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर असतील तर एका पायाची ठोकर पुरते. एक डाव्या भिंतीने, एक उजव्या. स्विचला छोटा यूपीएस असावा, कारण वीज पापणी लवेपर्यंत गेली तरी स्विचला पुन्हा उठायला मिनिट-दोन मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ स्टेजवरचा निवेदक तुमच्याकडे बघत असतो.

केबलबद्दल थोडंच. कॅट५ई किंवा कॅट६, एका तुकड्याची लांबी १०० मीटरच्या आत, आणि आतली तार शुद्ध तांब्याची. तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या तारेची केबल हलकी आणि स्वस्त असते, भिंतीत कायमची बसवली तरी खात्री नाही आणि रोज गुंडाळली-उलगडली तर नक्कीच तुटते. टोकाला धातूच्या कवचाची, खटका लागून बसणारी पिन घ्या. प्लॅस्टिकची जीभ पहिल्या आठवड्यातच मोडते. १०० मीटरच्या पुढे जायचं असेल तर फायबर.

वायफायवरून आवाज नेण्याचा विचार सोडून द्या. तिथे पाकिटं कधी पोचतील याची हमी नसते आणि घड्याळाचं सगळं गणित हमीवर चालतं. टॅबलेटवरून मिक्सर चालवण्यासाठी वायफाय जरूर वापरा, पण त्याचा राउटर मिक्सरच्या कंट्रोलच्या भोकाला लावा, ऑडिओच्या स्विचला नको. लावलाच तर मल्टिकास्टची पाकिटं वायफायवर ओतली जातात आणि टॅबलेटवरचे फेडर चिकटल्यासारखे वागतात. रेकॉर्डिंगच्या लॅपटॉपचंही वायफाय बंद ठेवा, म्हणजे तो चुकीच्या दारातून उपकरणं शोधत बसणार नाही. त्याच्यावर डांटे व्हर्च्युअल साउंडकार्ड टाकलं की एका केबलवर ६४ चॅनेलपर्यंत रेकॉर्ड होतात, आणि दुसऱ्या दिवशी तेच चॅनेल उलटे मिक्सरला पाठवून वादकांशिवाय साउंडचेक करता येतो.

हे सगळं स्टेजवर करायचं काम नाही. आदल्या दिवशी टेबलावर सगळी उपकरणं मांडायची, एक-एक मीटरच्या छोट्या केबलनी जोडायची, नावं द्यायची, घड्याळाचा मालक ठरवायचा, पॅच करायचा आणि पॅचची फाइल जपून ठेवायची. स्टेजवर गेल्यावर फक्त छोट्या केबलच्या जागी लांब केबल येतात. लाइन चेक (एकेक माइक येतोय का ते बघणं) झाला की डांटे कंट्रोलरमध्ये घड्याळाचा रकाना आणि पाकिटांच्या उशिराचा आलेख बघून घ्यायचा. घड्याळाचा मालक एकच दिसला पाहिजे, आणि आलेखाच्या सगळ्या काठ्या उशिराच्या मर्यादेच्या बऱ्याच आत हव्यात.

मग वादक यायच्या आधी एखादं गाणं नेटवर्कवरून लावा, स्पीकरसमोर उभे राहा आणि सहकाऱ्याला स्टेजबॉक्सची प्रायमरी केबल उपटायला सांगा. गाणं तसंच चालू राहिलं तर ती परत लावा, दोन्ही दिवे हिरवे होईपर्यंत थांबा आणि आता सेकंडरी उपटायला सांगा.